बँकेचा हप्ता आणि गावाचा हप्ता

परकीय मदतीवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही विद्वान नव्हे. युनियनच्या कचेरीत रात्री बसून जे वाचले तेवढीच आमची पुंजी. पण गव्हाणच्या माणसाला हा विषय पुस्तकात शोधावा लागत नाही. परकीय कर्जाची दोन मोठी कामे आमच्या शेजारीच उभी आहेत: न्हावा-शेव्याचे बंदर आणि शिवडीहून चिर्ल्यास येणारा सागरी सेतू.

‘मदत’ म्हणतात ती बहुधा उसनवारी असते, हे आधी सांगून टाकू. १९४९ साली जागतिक बँकेने रेल्वेसाठी भारताला ३ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले, ते कर्ज म्हणून. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली रशियाने रक्कम दिली, तीही अडीच टक्के व्याजाने. सेतूसाठी मार्च २०१७ मध्ये जपानशी सुमारे १४,४८० कोटी येनचा पहिला करार झाला, तेही कर्जच. यात पाप काही नाही. गाठीशी परकीय चलन नसलेल्या देशाने यंत्रे आणावीत कोठून? भिलाईचे पोलाद देशाच्या कामी आले, हे नाकारणारा कृतघ्न होय.

परंतु कर्जाच्या वहीत एक रकाना नसतो. बंदराला पैसा बँकेने दिला, जमीन कोणी दिली? भातखाचरे, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळ्यांनी. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण पडले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. त्या दिवसांत घरोघर बोलणे कुजबुजीवर आले होते, एवढे स्पष्ट आठवते. त्याच १९८४ साली जागतिक बँकेने या बंदरासाठी २५ कोटी डॉलरचे कर्ज दिले.

रक्त वाया गेले नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत, हे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. ते कंटेनरचे बंदर. जिथे पूर्वी पाठीवर गोणी घेऊन माणसांची रांग लागे, तिथे एक क्रेन पुरते. पोरांना नोकरी मिळाली ती बहुतेक कंत्राटदाराकडे, आणि आमचे निम्मे आयुष्य त्याच्या हजेरीपटाशी भांडण्यात गेले.

आता हप्त्यांचे पाहा. भारताने जागतिक बँकेचा हप्ता बुडविला, असे कधी ऐकिवात नाही. बँकेच्या हप्त्याला तारीख असते, आणि तारीख चुकली तर जगभर बोभाटा होतो. गावाच्या हप्त्याला तारीख लिहिलेलीच नव्हती. बंदरग्रस्तांच्या हाती साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पडली ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे बंदर सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी. आणि इरादापत्र म्हणजे भूखंड नव्हे.