मुंगी घाट : माळशिरसच्या सीमेवरचा कातळ आणि शंभू महादेवाची कावड

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या माळशिरस तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते, तर नैर्ऋत्येस शंभू महादेवाच्या डोंगररांगेची भिंत त्याला सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यापासून वेगळे करते. आळंदीहून पंढरपूरकडे जाणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणकडून येऊन नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर असा या तालुक्याचा सपाट भाग पार करते, आणि त्या वाटेवरून दक्षिणेकडे पाहिले असता जी काळी, पायऱ्यापायऱ्यांची रांग दिसते, तिच्यावरच शिखर शिंगणापूरचे शंभू महादेवाचे देवस्थान वसलेले आहे. देवस्थान साताऱ्यात असले, तरी त्याच्या उत्तरेकडील कड्याचा पायथा कोथळे गावाच्या बाजूने माळशिरस तालुक्यात उतरतो. या कड्यावरून वर चढणारी अरुंद, खडी वाट मुंगी घाट या नावाने ओळखली जाते. घाट हा शब्द येथे गाडीरस्त्याच्या अर्थाने घ्यावयाचा नाही; ही खडकाच्या टप्प्यांवरून हातापायांनी चढावयाची वाट आहे, आणि चैत्र शुद्ध द्वादशीस पाण्याने भरलेल्या कावडी याच वाटेने शिखरावर नेण्याची प्रथा आहे. खडकाची घडण, पाण्याची टंचाई आणि देवाची उपासना या तीन गोष्टी एकमेकींत किती घट्ट गुंतलेल्या असतात, हे दाखवणारे दुसरे इतके स्पष्ट स्थळ या परिसरात नाही.

हा कातळ समजून घेण्यासाठी दख्खनच्या जडणघडणीकडे वळावे लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस पुन्हापुन्हा बाहेर पडला आणि जवळजवळ आडव्या थरांच्या रूपाने पसरत थिजला. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर आढळणारा हा काळा अग्निजन्य खडक बेसाल्ट या नावाने ओळखला जातो. प्रत्येक थराचा आतला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट आणि कठीण बनला, तर वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो सच्छिद्र झाला, आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरत गेली. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला, की आधीच्या थराचा पृष्ठभाग कुजून तांबडी माती तयार होई, आणि तिच्यावरून नवा तप्त रस वाहिल्यावर ती भाजलेल्या विटेसारखी घट्ट होई. डोंगरकडेला दिसणारे हे तांबडे पट्टे म्हणजे दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांच्या माऱ्याने सच्छिद्र थर लवकर झिजून त्याचा मुरूम होतो व तेथे उताराचा टप्पा तयार होतो, उलट कठीण थर उभ्या सांध्यांवर तुटून सरळ कडा म्हणून उभा राहतो. कडा, टप्पा आणि पुन्हा कडा असा जो क्रम सह्याद्रीत आणि त्याच्या पूर्वेकडील फाट्यांत सर्वत्र दिसतो, तो यातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या काही भागाच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून युरोपीय भूशास्त्रज्ञांचे लक्ष या पायऱ्यांच्या डोंगरांकडे वेधले गेले. या डोंगरांत राहणाऱ्या माणसांनी मात्र त्या पायऱ्यांचा उपयोग त्याच्या कितीतरी आधी ओळखलेला होता.

तो उपयोग प्रामुख्याने संरक्षणाचा होता. याच रांगेवर ताथवड्याचा संतोषगड आणि त्याच्या पूर्वेस वारुगड हे किल्ले आहेत, आणि दख्खनी दुर्गरचनेच्या रीतीप्रमाणे त्यांचा खरा तट म्हणजे माथ्याभोवतीचा निसर्गनिर्मित कडा होय. कड्यात जेथे खिंड किंवा उतार असेल, तेवढीच जागा चिरेबंदी बांधकामाने बंद केली की शत्रूची वाट अडत असे. मुंगी घाटाचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. एकाच डोंगररांगेतील एकाच जातीचा कातळ एका ठिकाणी माणसाला वर येऊ देऊ नये म्हणून निवडला गेला, तर दुसऱ्या ठिकाणी, अधिक सोपी वाट उपलब्ध असतानाही, मुद्दाम चढण्यासाठी निवडला गेला.

शिखर शिंगणापूर समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. गावाच्या नावाचा आणि स्थापनेचा संबंध परंपरेने देवगिरीच्या यादव घराण्यातील सिंघण राजाशी जोडला जातो. मुख्य मंदिर दगडी, हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे, म्हणजे चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत बसवून उभारण्याच्या पद्धतीचे आहे, आणि गाभाऱ्यातील दोन लिंगे शिव आणि शक्ती यांची मानली जातात. भोसले घराण्याचे हे कुलदैवत असल्याने सतराव्या शतकापासून या स्थानाला राजकीय महत्त्वही आले. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात या दैवताचा संबंध श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाशी आणि दक्षिणेकडून येथे आलेल्या गोपालक समूहांशी जोडला, आणि भोसले घराण्याचा मूळ पुरुषही त्याच प्रवाहात शोधला. घराण्याच्या मूळ पुरुषाविषयीच्या त्यांच्या मतावर वाद झाला असला, तरी डोंगरमाथ्यावरचे कुरण, तेथे गुरे-मेंढरे घेऊन फिरणारी माणसे आणि त्यांचा डोंगरी देव हे समीकरण त्यांनी ज्या साक्षेपाने मांडले, त्यामुळे या स्थानाचा इतिहास केवळ राजघराण्याच्या आश्रयाचा इतिहास म्हणून लिहिणे यापुढे शक्य राहिलेले नाही.

या माथ्यावर माणसांना आणि जनावरांना सर्वांत आधी लागणारी वस्तू म्हणजे पाणी, आणि नेमकी तीच येथे दुर्मीळ आहे. शंभू महादेवाची रांग पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवल्यावर मागे उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात येते. पायथ्याच्या माळशिरस तालुक्यातही वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. जो पडतो, तोही बेसाल्टच्या माथ्यावर फार काळ टिकत नाही, कारण घट्ट थरात पाणी केवळ भेगांपुरतेच शिरते, सच्छिद्र थरातून ते खाली झिरपते, आणि तांबड्या मातीच्या घट्ट पट्ट्याशी अडून डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे अशा डोंगरांत झरे माथ्याऐवजी खालच्या दऱ्यांत सापडतात. शिंगणापूरजवळच्या दरीतील गुप्तलिंगाचे स्थानही अशाच पाणवठ्याभोवती पूजनीय झालेले आहे. शिखरावरचा मोठा तलाव शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी बांधविला, असे मानले जाते. यात्रेकरूंचे पाण्यावाचून होणारे हाल पाहून तो बांधला गेला, या सांगण्यातला तर्क डोंगराच्या घडणीशी पुरेपूर जुळतो. जेथे खडक पाणी धरत नाही, तेथे पाणी साठवणे हेच राजाचे आणि भक्ताचे पहिले पुण्यकर्म ठरते.

कावडीची प्रथा या टंचाईच्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. कावड म्हणजे खांद्यावर घेण्याच्या लांब बांबूच्या दोन टोकांना पाण्याची भांडी टांगून केलेले वाहून नेण्याचे साधन. देवाच्या कावडीला तांब्याचे मोठे हंडे असतात, वर ध्वज आणि सजावट असते, आणि ती उचलण्याचा मान ठरावीक गावांकडे व घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. चैत्र महिन्यातील यात्रेत शुद्ध पंचमीस देवाला हळद लागते, अष्टमीस शिव-पार्वतीचा विवाह होतो आणि द्वादशीस कावडी शिखरावर चढतात. त्यांत सर्वांत मोठा मान सासवड परिसरातील संत तेल्या भुत्याच्या कावडीचा आहे. पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदीचे पाणी घेऊन निघालेली ही कावड अनेक मुक्काम करत, वाटेत इतर गावांच्या कावडींना सोबत घेत, द्वादशीला मुंगी घाटाच्या पायथ्याशी पोहोचते. चढाला लागल्यावर रांगेची घडी बदलते : कड्याच्या टप्प्यांवर माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करतात, दोरांचा आधार घेतात, कावड तिरपी होऊ न देता वरच्या हातांकडे सोपवतात, आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात तो भार टप्प्याटप्प्याने वर सरकतो. या चढणीत कोणा एका बलवान माणसाचे सामर्थ्य उपयोगी पडत नाही. उभ्या कातळावर पाय रोवून उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांपैकी प्रत्येकाने आपल्या वाट्याची दोन-तीन हातांची उंची सांभाळली, तरच कावड वर जाते. वर पोहोचल्यावर त्या पाण्याने शंभू महादेवाला अभिषेक घातला जातो.

चैत्र म्हणजे उन्हाळ्याचा ऐन काळ, विहिरी आटण्याचा आणि टाक्यांचा तळ दिसू लागण्याचा काळ. दुष्काळांचा धाक ज्या प्रदेशाच्या हाडीमाशी खिळलेला आहे, १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाने ज्या सोलापूर जिल्ह्याला होरपळून काढले, आणि १९७२ च्या दुष्काळाची आठवण जेथे अजून घरोघरी आहे, त्या प्रदेशात सर्वांत कोरड्या महिन्यात, सर्वांत कोरड्या माथ्यावर, सर्वांत अवघड वाटेने पाणी चढवणे या कृतीचा अर्थ केवळ नवसापुरता मर्यादित नाही. माथ्याला पाणी पोहोचविण्याचे एक प्रत्यक्ष, सामुदायिक काम कालांतराने उपासनेत रूपांतरित झाले असावे, किंवा उपासनेने त्या कामाला आपले रूप दिले असावे. या दोहोंपैकी कोणताही क्रम मानला, तरी कातळाचे स्वरूप वजा केल्यास ही प्रथा उलगडत नाही. माथ्यावर बारमाही झरा असता किंवा उत्तरेचा उतार सौम्य असता, तर मुंगी घाटाची कावड आजच्या रूपात निर्माण झाली नसती.

कातळ आणि उपासना यांचे असे नाते मुंगी घाटापुरते मर्यादित नाही; महाराष्ट्रातील इतर विलक्षण खडकांच्या इतिहासातही ते दिसते. पारनेर तालुक्यातील निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे त्याच जागी गरगर फिरत राहिल्याने कातळात रांजणाच्या आकाराचे खड्डे कोरले गेले आहेत. शाळेच्या भूगोलात या स्थळाची नोंद होण्याच्या फार आधीपासून तेथे मळगंगा देवीची यात्रा भरत आलेली आहे. मुंबईत अंधेरीला सुमारे ६१ मीटर उंचीचा, उभ्या खांबांच्या जुडग्यासारखा दिसणारा गिल्बर्ट हिल हा बेसाल्टचा सुळका आहे. भोवतालची टेकडी खाणींनी आणि इमारतींनी गिळली, पण माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि भाविकांच्या पायऱ्या आजही कातळाला लगटून वर जातात. या दोन्ही ठिकाणी भाविक आधी आले, भूशास्त्रज्ञ नंतर आले आणि पर्यटक सर्वांत शेवटी आले.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात डेव्हिल्स टॉवर हा असाच उभ्या खांबांचा अजस्र सुळका आहे. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला त्या देशातील पहिले राष्ट्रीय स्मारक घोषित केले. लाकोटा आणि इतर मूळ रहिवासी जमाती त्याला पवित्र मानतात, आणि त्यावर दोर लावून चढणे त्यांना अनादर वाटतो. म्हणून त्यांच्या विधींच्या जून महिन्यात गिर्यारोहकांनी स्वेच्छेने चढाई टाळावी, असे धोरण १९९५ पासून ठरविण्यात आले. तेथे कातळापासून दूर राहण्यातून आदर व्यक्त होतो. मुंगी घाटात तो कातळाला हातपाय लावून, त्याच्या प्रत्येक टप्प्यावर घाम गाळून व्यक्त होतो. खडकाच्या जतनाचा विचार करताना ही दोन्ही टोके ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण चढण्याची वाट सोयीसाठी रुंद केली, कातळ फोडून पायऱ्या केल्या, तर मुंगी घाटातील खडकाबरोबर त्यावर उभी असलेली माणसांची साखळीही तुटेल.

मुंगी घाटाच्या पायथ्याचा प्रदेश गेल्या शतकात पुरता बदलला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस भाटघरचे धरण पूर्ण झाल्यावर नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या शिवारात आले, सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी या भागात येऊन ऊस पिकवला आणि माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. कऱ्हेकाठची माणसे अशा रीतीने दोन वाटांनी माळशिरसला आली : एक वाट पाणी शोधत आली आणि येथेच राहिली, दुसरी दरवर्षी पाणी घेऊन येते आणि घाट चढून जाते. कालव्याच्या पाटांजवळून जाणाऱ्या कावडींत आजही नीरेच्या कालव्याचे पाणी भरले जात नाही. हंड्यांत कऱ्हेचेच पाणी असते, आणि शिखरावर गाडीरस्ता झालेला असूनही ते मुंगी घाटानेच चढवले जाते.