‘ड’ जीवनसत्त्व : एका वादाचा इतिहास

शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असलेले, परंतु स्वतः निर्माण करता न येणारे आणि म्हणून आहारातूनच मिळवावे लागणारे द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. ‘ड’ जीवनसत्त्व या व्याख्येत नीट बसत नाही. तरीही त्याला हे नाव मिळाले, याचे कारण मुडदूस या रोगाविषयीच्या दीर्घ वादात सापडते.

मुडदुसाचे सविस्तर वर्णन फ्रान्सिस ग्लिसन याने १६५० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. पुढे औद्योगिक शहरांच्या काळोख्या वस्त्यांत हा रोग फैलावला. त्याच्या कारणांविषयी दोन पक्ष निर्माण झाले. जपानमध्ये राहून आलेल्या थिओबाल्ड पाम या वैद्याने १८९० साली निरनिराळ्या देशांतील माहितीची तुलना करून सूर्यप्रकाशाचा अभाव हेच मूळ कारण असल्याचे प्रतिपादन केले. उलट, १९१९ साली एडवर्ड मेलनबी याने कुत्र्यांच्या पिलांना विशिष्ट आहारावर ठेवून त्यांच्यात मुडदूस उत्पन्न केला, आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो असे दाखविले. त्याच वर्षी बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की याने पारददीपाच्या जंबुपार किरणांनी मुलांचा मुडदूस बरा केला. एकाच हातावर किरण पाडले तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारत, हे त्याचे निरीक्षण विशेष सूचक होते. त्वचेत तयार होणारे काही द्रव्य रक्तावाटे सर्वत्र पोहोचते, असा त्याचा अर्थ होता.

१९२२ साली मॅक्कॉलम व त्याच्या सहकाऱ्यांनी कॉडच्या तेलातील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केल्यावरही मुडदूसनाशक गुण शिल्लक राहतो, हे सिद्ध केले. ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ ही नावे आधीच दिली गेली असल्याने या नव्या घटकाला ‘ड’ हे अक्षर मिळाले. आहारपक्षाचा हा विजय नावात कायमचा कोरला गेला.

प्रकाशपक्षाला बळकटी देणारा पुरावा त्याच वर्षी नाशिकहून आला. हचिसन व शाह यांना मुडदूस आणि अस्थिमृदुता हे विकार पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील कुटुंबांत आढळले. निकृष्ट अन्नावर जगणारे, पण उघड्यावर वावरणारे गरीब लोक त्यांपासून बव्हंशी मुक्त होते. व्हिएन्ना येथे हॅरिएट चिक व तिच्या सहकाऱ्यांनी तर तेल आणि प्रकाश हे दोन्ही उपाय गुणकारी ठरत असल्याचे दाखविले. १९२४ साली स्टीनबॉक आणि हेस यांनी स्वतंत्रपणे या कोड्याची उकल केली : जंबुपार किरण पाडलेल्या अन्नातही मुडदूसनाशक गुण उत्पन्न होतो. त्वचेतील एका स्टेरॉलवर, म्हणजे ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलवर, किरणांची क्रिया होऊन ‘ड३’ तयार होते, हे पुढे विंडाउस व इतरांच्या रसायनशास्त्रीय कार्यातून स्पष्ट झाले.

वाद येथे मिटला. परंतु हे द्रव्य शरीरात कार्य कसे करते, हा प्रश्न उरलाच. त्वचेतून वा अन्नातून आलेले ‘ड’ जसेच्या तसे कार्य करते, हा समज १९६० नंतरच्या दशकात ढासळला. १९६८ साली डेल्यूका याच्या प्रयोगशाळेने यकृतात त्याच्या २५व्या कार्बनावर हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, हे उघड केले. १९७० साली केंब्रिजमध्ये फ्रेझर व कोडिचेक यांनी पुढील रूपांतर मूत्रपिंडात होते, असे दाखविले. तेथे पहिल्या कार्बनावर दुसरा गट जोडला जातो. असे सिद्ध झालेले द्रव्य रक्तावाटे आतड्यातील पेशींत जाते, केंद्रकातील ग्राहकाशी संयोग पावते आणि कॅल्शियमच्या शोषणास लागणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढविते. रक्तातील कॅल्शियम घटले की परावटु ग्रंथींचा स्राव मूत्रपिंडातील हे रूपांतर वाढवितो. एका इंद्रियात तयार होणारे, दुसऱ्यावर कार्य करणारे व गरजेनुसार नियंत्रित होणारे हे द्रव्य लक्षणांनी संप्रेरकच होय.

हा केवळ नावाचा प्रश्न नव्हे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांची हाडे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या मात्रेने सुधारत नसत. न्यूनता आहाराची नसून अखेरच्या रूपांतराची आहे, हे कळल्यावरच सिद्ध द्रव्य औषध म्हणून देण्याचा मार्ग मोकळा झाला. आहारपक्ष व प्रकाशपक्ष या दोघांनी द्रव्याचा उगम अचूक सांगितला होता. शरीर त्याचे पुढे काय करते, हा प्रश्न मात्र दोघांच्याही विचारात आला नव्हता.