उक्तं घेतो, म्हणाला...

धारगळच्या आमच्या जुन्या घराची कौलं उतरवायची ठरली, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो घरातल्या सामानाचा. घर काकीचं. काका गेल्यापासून ती तिथे एकटीच राहायची. आता गुडघे चालत नाहीत म्हणून डिचोलीला लेकीकडे जायचं तिनं कबूल केलं होतं. लेकीचा फ्लॅट दोन खोल्यांचा. तिथे न्हाणीतलं तांब्याचं भाण कुठे ठेवणार, नि लग्नकार्यातला हंडा कुठे? विकता येईल ते विकावं आणि येतील ते पैसे काकीच्या हातात द्यावेत, असं आम्ही सगळ्या भावंडांनी ठरवलं.

गावात बातमीला पाय असतात. दुसऱ्याच दिवशी महामार्गावरून एक टेंपो आमच्या वाटेला वळला. जुन्या वस्तू घेणारा होता. ओसरीवर उभं राहून त्यानं एकदा सगळ्यावरून नजर फिरवली, भाणावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "उक्तं घेतो. बारा हजार. रोख आताच देतो."

काकी म्हणाली, "ने रे बाबा. मला काय ते वर घेऊन जायचंय?"

मी त्याला परवा यायला सांगितलं. खरं सांगायचं तर बारा हजार कमी की जास्त, हे मलाही कळत नव्हतं. पण 'उक्तं' या शब्दानं मी सावध झालो. उक्तं म्हणजे सगळं मिळून एकच भाव. त्यात कुठल्या वस्तूचे किती धरले, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, देणाऱ्याला नसतं.

त्या रात्री मला आठवण झाली ती लिन्शोटेनची. यान हुयगेन फान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि १५८८ पर्यंत इथल्या आर्चबिशपच्या पदरी राहिला. पुढे मायदेशी परतल्यावर १५९६ साली त्यानं आपलं प्रवासवर्णन छापलं. त्यात जुन्या गोव्यातल्या 'रुआ दिरैता' म्हणजे सरळ रस्त्याचं वर्णन आहे. आज मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान दिसते ना, तिथून आत जाणारा तो रस्ता. रविवार आणि सणाचे दिवस सोडले तर रोज सकाळी सात ते नऊ तिथे लिलाव चालायचा. ऊन चढायच्या आत बाजार आटोपता! शहरानं नेमलेले हाकारे अंगावर सोन्याच्या साखळ्या, दागिने, अंगठ्या लटकावून फिरत. अरबी घोडे, मसाले, सुगंधी द्रव्यं, सगळं तिथे विकलं जाई.

आणि याच जागी मेलेल्या माणसांच्या घरातलं सामानही यायचं. लिन्शोटेन लिहितो की कोणी मेलं की त्याची चीजवस्तू इथे आणून शेवटच्या पैपर्यंत विकत. मग तो व्हाइसरॉय का असेना. कारणही त्यानं दिलं आहे. मागे राहिलेल्या विधवांना आणि पोरक्या मुलांना न्याय मिळावा म्हणून. हे वाचलं तेव्हा मी ते नुसतं गंमत म्हणून वाचलं होतं. काकीचा "ने रे बाबा" ऐकल्यावर त्याचा अर्थ लागला. ज्याला घासाघीस करता येत नाही, ज्याचं मन दुःखानं किंवा थकव्यानं आधीच सैल झालेलं आहे, त्याची वस्तू बंद दाराआड विकली जाऊ नये, चार माणसांसमोर विकली जावी, एवढाच त्यामागचा विचार.

पण त्या रस्त्याचं फार कौतुकही नको. त्याच सकाळी, त्याच हाकाऱ्यांबरोबर, गुलाम म्हणून माणसंही विकली जात होती. पुरुष, बायका, पोरं. त्यांचाही भाव चारचौघांतच ठरत होता. तेव्हा भाव उघड्यावर ठरला म्हणून सगळं न्यायाचं झालं असं नव्हे. काय विकायला काढायचं नाही, हे लिलाव सांगत नाही. ते माणसानंच आधी ठरवायचं असतं.

आपला 'लिलाव' हा शब्द तिथलाच. पोर्तुगीज 'लैलांव'वरून तो मराठी-कोंकणीत आला. आसगावला १८५५ साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली जो ग्रंथ छापला, त्यात हा शब्द आहे. पोर्तुगिजांनी तो घेतला अरबीतून, आणि अरबी मुळाचा अर्थ जाहीर करणं, कळवणं. म्हणजे विकण्याच्या आधी सांगणं आलं! आमचं पेडणं तेव्हा फिरंग्यांकडे नव्हतं. ते सावंतवाडीकरांकडून त्यांच्या हाती गेलं १७८८ साली. पण शब्दाला सरहद्द कुठली? चावी, बादली, घमेलं यांच्यासारखाच लिलावही घाट चढून पार नागपूरपर्यंत गेला.

आपल्याकडे मात्र लिलावाला आपला असा शब्द होताच. पावणी! आजही गावच्या देवळात जत्रा किंवा सप्ताह झाला की देवापुढे आलेली केळी, नारळ, भोपळे, वस्त्रं यांची पावणी होते. बार्देश, तिसवाडी, सासष्टीच्या गावकऱ्यांत शेतांचीही पावणी व्हायची, आणि मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचीही. लहानपणी मी देवळातल्या पावणीत एक नारळ बाजाराच्या कितीतरी पट भावाला गेलेला पाहिला आहे. घेणारा वेडा नव्हता. नारळ देवाचा, आणि पैसे देवळाचे, हे त्याला माहीत होतं. दोन घरांतली चुरस होती ती वेगळीच!

यातून एक गोष्ट लक्षात येते. वस्तू तीच, पण ती कोणाची आणि पैसे कोणाला जाणार, यावर माणूस भाव वाढवतो. देवाच्या नारळाला भाव चढतो. अडलेल्या माणसाच्या हंड्याला तो उतरतो.

आणखी एक वाट गोव्याच्या कायद्यात आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे १८७० पासून लागू झाली. तिच्या जोडीनं इन्व्हेंतार आला. कोणी वारलं की मालमत्तेची यादी करायची, एकेका बाबीची किंमत लावायची, आणि गरज पडली तर वारसांनी आपसांत बोली बोलायची. उत्तराधिकार आणि इन्व्हेंतारचा २०१२चा गोव्याचा कायदा आला तरी ही पद्धत टिकून आहे. कोर्टकचेरीची आम्हाला गरज नव्हती. पण आधी यादी, मग किंमत, ही शिस्त घ्यायला हरकत काय?

जुनं सामान मांडून विकण्याची गोव्यातली सगळ्यांत प्रसिद्ध जागा मात्र हणजूणची. सत्तरच्या दशकात तिथे राहिलेल्या हिप्पींचे पैसे संपत आले की ते आपलं सामान किनाऱ्यावर मांडत. कॅमेरे, जीन्स, टेप, झोपायच्या पिशव्या. 'एट फिंगर एडी' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन यर्टवर्ड मझमानियनला हा बुधवारचा बाजार सुरू करण्याचं श्रेय देतात. तो २०१० साली गोव्यातच वारला. पुढे बाजार वाढला, व्यापारी आले, नव्या कोऱ्या मालाची दुकानं लागली आणि जुनं सामान मागे पडलं. आमचे काका त्या पहिल्या वर्षांत म्हापशाचा बाजार करून तिकडे जायचे. त्यांनी एका गोऱ्याकडून छोटा पेट्रोलचा स्टोव्ह आणला होता. किती दिले म्हणून विचारलं की हसून सांगायचे, "त्याला आठवड्याभरात विमान धरायचं होतं. मला घाई नव्हती."

भाव ठरवण्याचं सगळं शास्त्र यात आलं, नाही का? ज्याला घाई तो हरतो.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही ओसरीवर सगळं मांडलं. आधी तांबं-पितळ वजनकाट्यावर घातलं. अडतीस किलो भरलं. मोडीचा भाव म्हापशाला फोन करून विचारला, तर नुसत्या मोडीतच ते बारा हजारांच्या पुढे जात होतं. म्हणजे सागवानी पेटारा, कपाट, काकांची वोल्तेर, सगळं त्यानं फुकटात धरलं होतं! मोडीचा भाव हा तळ. त्याखाली जायचं नाही. वस्तू वापरात येण्यासारखी असेल तर त्यावर थोडं चढवायचं. गळका हंडा मोडीतच द्यायचा, त्याच्या आठवणींचे पैसे कोणी देत नाही. लाकडाचं वेगळं. ते वजनानं जात नाही. नवीन करायला सुतार किती घेईल हे विचारायचं, आणि वाळवी, सांधे, गेलेली वेत पाहून त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत थांबायचं. प्रत्येक नगावर कागद चिकटवून आकडा लिहिला. कोणी विचारलंच तर थोडं कमी करता यावं एवढी जागा त्यात ठेवली.

माळ्यावर एका फडक्यात हाताच्या अक्षरातल्या पोथ्या निघाल्या. त्यांना कागद लावला नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते; महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षंच पुरतात. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. पोथ्या रद्दीच्या गठ्ठ्यात जाण्यापेक्षा पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दाखवाव्यात, असं ठरलं. ते ग्रंथालय १८३२ पासूनचं. तिथल्या माणसांना त्यांची किंमत आमच्यापेक्षा चांगली कळेल.

मग वाड्यावर निरोप दिला. लोक आले. काही नुसते बघायला आले, काही काकीला भेटायला. भाण शेजारच्यांनी घेतलं. लिहिलेला आकडा वाचून त्या बाईनं कमी करायचं नावच काढलं नाही. म्हणाली, "काकीचे पैसे ते." मला देवळातली पावणी आठवली. वोल्तेर मोपाच्या विमानतळावर नोकरी करणारा एक मुलगा घेऊन गेला, आजोबांसाठी. टेंपोवाला तिसऱ्या दिवशी आला तेव्हा उरलेलं गळकं-फुटकं त्यानं मोडीनं घेतलं. चिडला नाही. धंदाच आहे त्याचा. भाव सांगणं त्याचं काम, तो तपासणं आपलं.

संध्याकाळी हिशेब केला. चौतीस हजार सहाशे. फार मोठी रक्कम नव्हे. विमानतळ आल्यापासून आमच्याकडे जमिनीचे आकडे ऐकले की हे हास्यास्पदच वाटेल. पण काकीनं ते दोनदा मोजले आणि पदरात बांधले.

"आणि तो स्टोव्ह?" तिनं विचारलं.

स्टोव्हवर मी पन्नास रुपये लिहिले होते. कोणी घेतला नव्हता. तिनं तो कागद नखानं खरवडून काढला आणि स्टोव्ह आपल्या पिशवीत घातला. आता तो डिचोलीला लेकीच्या गॅलरीत आहे. पेटत नाही.