पाचवी-आठवीचा ढकलपास बंद : कामाला बाहेर जाणाऱ्या पालकांसाठी

आठवीपर्यंत पोरगं आपोआप पुढं जातं, असं आपल्याकडं अजून बरेच पालक धरून चाललेत. तसं राहिलं नाही. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पाचवीचा पेपर 50 गुणांचा, आठवीचा 60 चा. प्रत्येक विषयात 35 टक्के, म्हणजे 18 आणि 21 गुण लागतात. कमी पडले तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. शाळेतून मात्र काढता येत नाही. पायाभूत चाचणीत पास-नापास नसतं, मूल कुठं मागं आहे एवढंच कळतं.

खरी अडचण जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या घरांची. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर नाहीतर बोईसर-तारापूरकडं कामाला जातात, पोरंही सोबत. अभ्यास बुडतो आणि परीक्षा येते उन्हाळ्यात, मुक्काम बाहेर असतानाच. म्हणून निघायच्या आधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कोणत्या वर्गात, कुठवर शिकलं ते त्यात असतं. ते दाखवून कामाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तिथं आठवड्याला काय शिकवलं ते विचारत जा, परीक्षेची तारीखही आधीच विचारून ठेवा.