मामाचं ‘रोमन’ नाणं

इयरफोन हरवलेल्यांसाठी आणि लोकलमध्ये आवाज ऐकू न येणाऱ्यांसाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मी दोनतीनदा भरकटले होते. त्यातलं थोडं कापलंय, सगळं नाही.

गोष्ट मे महिन्यातली. माझं आजोळ भाटघरचं. दुपारी मामाचा फोन आला.

“आगं, तुला नाण्यांतलं कळतं ना? आपल्याकडं रोमन नाणं हाय. एक मानूस चार लाख देतोय.”

“मामा, कोण माणूस?”

“फोनवरचा. फक्त नोंदणीचे अडीच हजार आज सांजच्याला भरायचेत.”

इथेच माझ्या पोटात गोळा आला. जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या, पण आधी फी भरा, हा सापळा जुना आहे. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच पत्रक काढून सांगितलं होतं, की आमचं नाव वापरून लोक जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी आणि कर मागताहेत, आमचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मामाला म्हटलं, एक रुपया भरू नका, मी उद्या येते. तो गप्प झाला. धाकटीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती, हे मला माहीत होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत तांब्याचा गोल तुकडा, त्यावर एक झिजलेला चेहरा आणि डोक्यावर काहीतरी. मुकुट म्हणा, पट्टी म्हणा. रोमन वाटायला एवढं पुरे असतं.

आणि खरं सांगायचं तर मामाचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. रोमन जगाशी आपल्याकडचा व्यापार मोठा होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झालं, आणि तिथली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तर जगप्रसिद्ध आहे. पण ती सगळी सुरुवातीच्या शतकांतली गोष्ट. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातली बारकी तांब्याची नाणी भारतात मिळतात ती मुख्यतः तमिळनाडूत. करूर, मदुराई आणि पलीकडे श्रीलंका. आर. कृष्णमूर्ती यांनी, हे ‘दिनमलर’ या तमिळ दैनिकाचे संपादक होते, या नाण्यांवर आख्खं पुस्तक लिहिलंय. म्हणजे भाटघरला असं नाणं खरंच निघालं असतं, तर ती मोठी बातमी झाली असती. चार लाखांपेक्षा मोठी.

माझ्याकडे अशी अकरा रोमन नाणी आहेत, पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनांतून जमवलेली. बारा होती. बारावं मी कॉलेजात असताना चकचकीत करायला लिंबू आणि मिठात रात्रभर ठेवलं. सकाळी गुलाबीसर तांबं उरलं होतं. राजा गायब, अक्षरं गायब. तो हिरवा-काळा थर म्हणजे मळ नसतो. शेकडो वर्षांत तांब्याचाच वरचा भाग बदलून तो थर होतो आणि बारीक अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच शिल्लक असतात. थर गेला की नाणं मुकं होतं. त्यातली दोन नाणी, खिशात मावणारा डिजिटल काटा, मोजपट्टी आणि भिंग घेऊन मी निघाले.

कापूरहोळला वळलं की भोरचा रस्ता लागतो. मेमध्ये धरण खूप उतरलेलं असतं, काठाला भेगाळलेला गाळ दिसतो. आताचं धरण 1928 चं, तेव्हाचं नाव लॉईड धरण. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी खूप खाली गेलं की कांबऱ्याजवळचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. त्यामुळे इथे कुठलीही जुनी वस्तू निघाली की “गाळात घावली” ही गोष्ट तिला आपोआप चिकटते. मामानेही तेच सांगितलं.

ओसरीवर मी आधी माझी दोन नाणी मांडली. मामी हसली, “एवढुशी? ही तर बटनं हायेत!”

बरोबर होतं तिचं. पहिलं सोळा मिलिमीटरचं, वजन दीड ग्रॅम. मागच्या बाजूला दोन शिपाई आणि त्यांच्या मधे एक निशाण. त्याभोवतीच्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘सैन्याचा गौरव’. आता गंमत बघा. निशाणं दोन असतील तर नाणं साधारण इ.स. 330 ते 335 चं. एकच असेल तर 335 ते 341 चं. मधे नाण्याचं वजन घटवलं आणि चित्रातही काटकसर केली! राजाचं नाव अर्धं पुसलेलं असलं तरी निशाणं मोजून काळ सांगता येतो.

राजाचं नाव ही वेगळी डोकेदुखी. कॉन्स्टंटाईन बादशहाच्या तीन मुलांची नावं कॉन्स्टंटाईन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स. त्या घरात बारशाला आत्या नसावी. नाण्यावर सुरुवातीची सात अक्षरं दिसली तरी चौघांपैकी कोण ते कळत नाही, शेवटची दोनतीन अक्षरं वाचावी लागतात. दुसरं नाणं घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणाऱ्या शिपायाचं, 348 नंतरचं. त्यावरचं वाक्य ‘सुखाचे दिवस परत आले’ अशा अर्थाचं. सरकारी घोषणा तेव्हाही अशाच असायच्या. चित्राखालच्या रेघेच्या खाली टांकसाळीची खूण असते. अक्षरांवरून अँटिओक, अलेक्झांड्रिया की रोम, ते कळतं.

मग मामाचं नाणं घेतलं. पंचवीस मिलिमीटर, वजन सहा ग्रॅमला थोडं कमी. एवढी मोठी रोमन नाणीही असतात, त्यामुळे नुसत्या मापावर निकाल देता येत नाही. पण कड बघितली तर वर्तुळ अगदी पक्कं. माझी नाणी हाताने ठोकलेली, एका अंगाला चेपलेली, ठसा मधोमध न बसलेली. हे यंत्रातून निघालेलं होतं. चेहरा डावीकडे बघणारा. त्या काळातले रोमन बादशहा बहुतेक वेळा उजवीकडे बघतात (अपवाद आहेत, म्हणून यावरही एकट्यावर विसंबू नये). शेवटी मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा, नाण्याला लागून धरला आणि नाणं हळूहळू फिरवलं. हे तुम्हीही करून बघा, सावलीत झिजलेली अक्षरं उभी राहतात. मागच्या बाजूला तीन इंग्रजी अक्षरं दिसली. डी, आय, ए.

इंडिया.

“मामा, ही व्हिक्टोरिया राणी आहे. पाव आणा. म्हणजे एक पैसा.”

1862 पासून तिच्या नावाने असे लाखो पैसे पाडले गेले. रुपयाचे चौसष्ट. एवढं झिजलेलं नाणं आज कोणी पन्नास-शंभरला घेईल, तेही हौसेने.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बरं झालं पैसं भरलं न्हाईत.” आणि उठून गोठ्याकडे गेला. मला फार वाईट वाटलं. खरं सांगून आपण कोणाचे चार लाख काढून घेतोय, असं उगाच वाटत राहतं.

मामीने तेवढ्यात देवघरातून डबी आणली. “ह्यातलंच हाय ते. गाळात कुठलं घावतंय? सासूबाईंच्या सासूचा डबा हा. त्यांचं दुकान हुतं.” आत आणखी दोन जाडजूड तांब्याची नाणी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा. शिवराई! या रेघांवरून हिला दुदांडी म्हणतात, ही पेशवाईपासून पुढची. शिवराई इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालत राहिली, म्हणून एकाच गल्ल्यात राणीही आणि शिवाजीराजांचं नावही. शिवराईसुद्धा रोमन नाण्यांसारखीच वाचायची असते. ‘शिव’ की ‘सीव’, ‘पति’ की ‘पती’, रेघा आहेत की नाहीत, असल्या बारकाव्यांवरून प्रकार लावतात.

गाळात खरंच काही सापडलं तर? 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. घासायचं नाही, फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची. करूरच्या नाण्यांना किंमत आली ती ती करूरची आहेत हे माहीत होतं म्हणून.

मामा गोठ्यातून आला तेव्हा मी तीन छोटी कागदी पाकिटं करत होते. त्याने एक उचललं, माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं: ‘पाव आना. राणीचा. पणजीच्या दुकानातला. भाटघर.’ मग थोडं थांबून खाली: ‘विकायचा नाही.’

धाकटीच्या फीचं काय झालं, असं तुम्ही विचारालच. एक गाय विकली.