सावित्रीच्या मुखावरची लाट

महाडच्या बाजारपेठेत कोणी समुद्राच्या लाटांची गोष्ट काढली, तर आपण हसून म्हणाल, "अहो, इथे समुद्र कुठला?" पोलादपूरकर तर समोरचे डोंगरच दाखवतील. पण मंडळी, महाबळेश्वरावर उगम पावणारी आपली सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटपाशी सागराला मिळते, आणि त्याच सागराची भरती खाडीतून पार महाडच्या बाजूला चढते. महाड हे बंदर होते ते या भरतीच्या जोरावर.

नदीच्या मुखाशी उत्तरेला हरिहरेश्वरचा खडक, दक्षिणेला बाणकोट. अशा मुखाशी नदीने आणलेली वाळू साचून पाण्याखाली दांडा तयार होतो. खोल समुद्रातून आलेली लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय अडखळतो, माथा पुढे धावतो आणि ती कोसळते. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की हे घडते. खडकावरची लाट वर्षानुवर्षे एकाच जागी फुटते. वाळूवरचीचे तसे नाही. एका पावसाळ्यात दांडा सरकला की लाटेचे घर बदलले! म्हणून वाळूवरची लाट जाणत्यालाही फसवते.

अशा लाटांवर फळी टाकून स्वार होण्याची विद्या हवाई बेटांतल्या लोकांची. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली ती पाहिली, आणि १७८४ मध्ये छापलेल्या वृत्तांतात तिचे वर्णन केले. तिथली माणसे एवढ्या उसळत्या पाण्यात निर्भयपणे शिरतात, याचा त्याला मोठा अचंबा वाटला.

आपल्या खलाशांनी फळीवर उभे राहून खेळ केला, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या मचव्यात माल असे, माणसे असत. खेळायला सवड कुणाला? पण मूळ विद्या एकच. लाटा घोळक्याने येतात. चार-सहा मोठ्या येऊन गेल्या की मध्ये थोडी उसंत मिळते. ती ओळखायची, भांगाची भरती आहे की उधाणाची हे ध्यानात ठेवायचे, आणि पाण्याच्या रंगावरून खोल वाट हेरायची. तांडेल नवखा असला तर मचवा आडवा होऊन उलटलाच समजा. पावसाळ्यात तर जुनेजाणतेही होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहत.

ज्याच्या हाती हे मुख, त्याच्या हाती महाडचा व्यापार. इंग्रजांनी हे फार लवकर हेरले. १७५५ साली बाणकोटचा किल्ला आंग्र्यांकडून गेला. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. पुढच्याच वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने तो त्यांच्याकडे कायम झाला. मराठ्यांच्या मुलखात, मुंबईपासून इतक्या दूर त्यांनी पाय रोवला तो नदीचे तोंड पाहूनच.

शंभराहून अधिक वर्षांनी याच मुखातून आगबोटी आत येऊ लागल्या. १९२७ च्या डिसेंबरातली गोष्ट तर महाडने विसरू नये. चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरकडच्या मोटारमालकांनी बहिष्कार पुकारला होता. मग २४ तारखेला ते आपल्या सहकाऱ्यांसह 'पद्मावती' बोटीत बसले आणि २५ ला दासगावला उतरले. रस्त्याने वाट अडवली, पाण्याने दिली.

पुढे मोटारींचे दिवस आले, बोटी थांबल्या, आणि पाण्याची ओळखही ओसरली. आता महाडची मुले सुटीत हरिहरेश्वरला जातात आणि दिसेल तिथे समुद्रात उतरतात. गुरुजनहो, त्यांना एवढे तरी सांगा. किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाताना दांड्यातली फट शोधते आणि तिथून जोराने आत ओढत नेते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावे, मगच वळावे. या फटीवर लाट फुटत नाही, म्हणून तिथले पाणी सपाट दिसते. नवखा नेमकी तीच जागा शांत समजून उतरतो. मुरलेला फळीवाला मात्र त्याच ओढीवर पालथा पडून, हात फारसे न मारता, लाटांच्या पलीकडे जातो.