चित्रांचा क्रम आणि कथेचा अधिकार

आमच्या उमरखेडसारख्या तालुक्याच्या गांवींही हल्लीं मुलें एक वाद घालतात. बझ लाइटइयर नांवाचा अंतराळवीर १९९५ सालीं ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटांत प्रथम आला, तो अँडी नांवाच्या मुलाचें खेळणें म्हणून. २००० सालीं त्याच्या अंतराळांतील पराक्रमांची चित्रमालिका निघाली. पुढें २०२२ सालीं निराळाच चित्रपट आला, आणि अँडीनें १९९५ मध्यें पाहिला तो हाच, असें त्याच्या आरंभींच सांगितलें आहे. १९९९ च्या ‘टॉय स्टोरी’च्या दुसऱ्या भागांत झर्ग हा वैरी आपण बझचा पिता असल्याचें सांगतो, २०२२ मध्यें तो म्हातारा झालेला बझच निघतो! मग आधीं काय पाहावें, आणि खरें कोणतें मानावें?

हे प्रश्न दोन आहेत. एक क्रमाचा, दुसरा अधिकाराचा. आपल्याकडील चित्रकथींनीं ते फार पूर्वीं वेगळे ओळखले होते. १२ व्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर मंडळींनीं ही कला राखली. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांस आश्रय होता. चित्रांखेरीज दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागून सावली पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही ते खेळवीत. बाहुलीला आकाशांत उडविण्याची हौस अशी जुनीच आहे.

एका आख्यानाच्या चित्रसंचास पोथी म्हणतात. तींत साधारणतः तीस ते पन्नास चित्रें असतात. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं, पण पानें सुटीं. आरंभीं गणपति आणि सरस्वती यांचीं चित्रें दाखवावयाचीं, मग वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीवर एकेक पान उभें धरून कथा पुढें न्यावयाची. याचा अर्थ असा कीं, क्रम कागदावर नव्हे, तर सांगणाऱ्याच्या मुखीं होता.

अधिकाराची गोष्ट निराळी. अहिरावण-महिरावणाचें आख्यान चित्रकथींच्या आवडीचें. राम-लक्ष्मणांस पाताळांत पळवून नेलें जातें आणि मारुति त्यांस सोडवून आणतो. वाल्मीकीच्या रामायणांत हें नाहीं. तरीही सांगणाऱ्यांनीं त्यास नेमकी जागा दिली : इंद्रजिताच्या वधानंतर, रावणाच्या वधापूर्वीं. मूळ कथेचा एकही सांधा निखळूं न देतां शाखा कोठें फुटावी, याचा हा विवेक होय. श्रोत्यांनींही ‘हें वाल्मीकींत कोठें आहे?’ म्हणून आख्यान टाकून दिलें नाहीं, आणि वाल्मीकीसही बाजूस सारलें नाहीं.

खरें भय अधिकाराचें नसून क्रम विसरण्याचें आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत ‘पैठणचीं चित्रें’ म्हणून ओळखलीं जाणारीं अशीं जुनीं चित्रें जपून ठेविलीं आहेत. कागद टिकला, हा मोठाच लाभ. परंतु ज्या पोथीचा सांगणारा गेला, तिचें सुटें पान मुकें होतें. मारुति दिसतो, पण तो पाताळांत उतरत आहे कीं परतत आहे, हें कोण सांगणार? म्हणूनच २००६ सालीं पिंगुळीस गंगावणे कुटुंबानें उभारलेल्या ठाकर आदिवासी कला आंगणाचें महत्त्व आहे. तेथें चित्रांबरोबर सांगणारेही आहेत. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तो या मुखपरंपरेचाच गौरव होय.

तेव्हां बाळगोपाळांस माझें इतकेंच सांगणें कीं, ज्या क्रमानें कथा जगापुढें आली, त्या क्रमानें ती प्रथम पाहावी. म्हणजे मागाहून आलेल्यानें आधींचें काय बदललें, तें कळतें. खेळण्यांची गोष्ट खोड समजावें. २००० ची मालिका आणि २०२२ चा चित्रपट या दोन शाखा. एका शाखेसाठीं दुसरी तोडण्याचें कारण नाहीं. आणि पाहून झाल्यावर ती कथा धाकट्या भावंडांस क्रमवार तोंडानें सांगावी. चित्रें यंत्रांत राहतील. क्रम मात्र सांगणाऱ्यापाशींच राहतो.